पाचट कुजतं ते कशाच्या जोरावर?

उसाच्या एक टन वाळल्या पाचटात साधारण ४२० किलो कर्ब असतो आणि नत्र जेमतेम ४ किलो. हे पाचट कुजवायचं काम ज्यांच्याकडे आहे त्या जिवाणूंच्या शरीरात पाच-सहा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं, बुरशीच्या शरीरात दहा-पंधरा भागांमागे एक. दोघांची मिळून सरासरी दहास एक धरू. खाल्लेल्या कर्बापैकी दोन हिस्से श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात आणि एक हिस्सा अंगी लागतो असं मानू. मग १४० किलो कर्ब अंगी लावायला या जीवांना १४ किलो नत्र लागेल. पाचटात आहे ४. वरचं १० किलो आजूबाजूच्या मातीतून यायला हवं. ते आलं नाही तर काय होतं, आणि हवं त्याहून जास्त आलं तर काय होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याला माहीत असतं. दुसऱ्याकडे फारसं कुणी पाहत नाही, कारण नत्र टाकलं की लवकर कुजतं हे वाक्य आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. खोडव्याच्या सरीत पाचट दाबलं की त्यावर युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकावं, ही शिफारस महाराष्ट्रातला प्रत्येक ऊस उत्पादक ऐकून आहे. शिफारस चांगलीच आहे. पाचट पेटवण्यापेक्षा तर कितीतरी चांगली, कारण आगीत कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळं जातं, गंधकाचा मोठा भाग जातो आणि राखेत उरतं ते मुख्यतः स्फुरद, पालाश आणि चुना. पण या शिफारशीमागचं शास्त्र गेल्या शंभर वर्षांत बरंच पुढे सरकलं आहे. कुजणं ही एकच क्रिया नाही, तिला एकच वेग नाही आणि तिला लागणारं अन्नद्रव्यही सगळीकडे एकच नाही, असं ते आता सांगतं.

सुरुवात नत्राच्या हिशेबानेच झाली. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सेलमन वॅक्समन आणि त्यांचे सहकारी काड, पानं, मुळं मातीत मिसळून कर्ब किती उडतो आणि नत्र कधी सुटतं हे मोजत होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२चं नोबेल मिळालेले हेच ते वॅक्समन. त्याआधीची त्यांची कित्येक वर्षं ह्यूमसच्या अभ्यासात गेली होती. कर्ब-नत्र गुणोत्तराची जी पंचवीस-तीसची सीमारेषा आज प्रत्येक कृषी पुस्तिकेत असते, ती या काळातल्या कामावर उभी आहे. गुणोत्तर त्याच्या खाली असेल तर कुजताना नत्र मातीत सुटतं, वर असेल तर मातीतलं नत्र आधी ओढलं जातं. गिरिपुष्पाचा किंवा तागाचा कोवळा पाला पंधरा-वीसच्या आसपास असतो. गव्हाचं काड ऐंशीच्या घरात, पाचट शंभराच्या पुढे आणि लाकडाचा भुसा कित्येक शेकड्यांत.

त्याच दशकात आपल्या शेजारी, इंदूरला, अल्बर्ट हॉवर्ड हाच हिशेब खड्ड्यात मांडत होते. १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत त्यांनी पऱ्हाट्या, तण, पाचट यांचे थर शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांच्या थरांशी आलटून-पालटून रचायची पद्धत बसवली. पऱ्हाट्या आधी रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या, म्हणजे बुरशीला आत शिरायला वाट होते. १९३१ साली या कामावर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. इंदूर पद्धतीचं श्रेय देताना हे दुसरं नाव बहुतेक वेळा गळतं. ते गळू नये. या पद्धतीतली खुबी मला वाटतं मूत्राच्या मातीत आहे. जनावराच्या मूत्रात नत्र आणि पालाश दोन्ही भरपूर असतं, राख चुना आणि स्फुरद देते. पऱ्हाटीत जे नाही ते सगळं गोठ्यातून आणि चुलीतून येत होतं.

शेतात मात्र ही उणीव पीक भरून काढतं, आणि तेही नाइलाजाने. ज्वारीची धसकटं किंवा गव्हाचं काड नांगरून लगेच पेरणी केली की रोपं पिवळी पडतात, हे कुणाला सांगायला नको. न कुजलेलं शेणखत टाकल्यावरही तेच होतं. रोपाची मुळं आणि कुजवणारे जिवाणू एकाच नत्रासाठी झगडतात आणि पहिल्या काही आठवड्यांत जिवाणू जिंकतात, कारण ते संख्येने अफाट असतात आणि मातीच्या कणाकणाला चिकटलेले असतात. हे नत्र नाहीसं होत नाही. जिवाणू मरतात, त्यांना दुसरे जीव खातात आणि तेच नत्र पुन्हा फिरू लागतं. म्हणून वर मांडलेला टनामागे १० किलोचा हिशेब एकदम भरायची गरज नसते. पाचट महिनोन्‌महिने कुजतं आणि तेवढ्या काळात तेच नत्र अनेकदा वापरलं जातं. एका हेक्टरात ८ टन पाचट धरलं तर माझ्या कोरड्या हिशेबाने पावणेदोनशे किलो युरिया लागेल. शिफारशीतला आकडा त्याहून कमी असतो आणि तो कमी असणंच बरोबर आहे.

नत्र अडकतं किती आणि सुटतं कधी, याचं आजवरचं सगळ्यात मोठं मोजमाप अमेरिकी शास्त्रज्ञांनी दहा वर्षं चालवलं. ध्रुवालगतच्या टुंड्रापासून उष्ण कटिबंधातल्या जंगलापर्यंत २१ ठिकाणी तीच ती पानं आणि मुळं जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवली. २००७ साली विल्यम पार्टन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. कुजण्याचा वेग हवामानाप्रमाणे बदलला, पण नत्र कधी सुटू लागणार हे बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टींनी ठरलं: सुरुवातीला पानात नत्र किती होतं आणि आता किती वजन उरलंय. रखरखीत गवताळ प्रदेश तेवढा अपवाद ठरला. तिथे ऊनच पानाला झिजवतं. एवढ्या वेगवेगळ्या मातींत एकच नियम दिसावा ही खरोखर सुंदर गोष्ट आहे.

मग मातीत नत्र वाढवलं की कुजणं वाढायलाच हवं. १९८८ साली डेन्मार्कच्या कोरे फोग यांनी तोवरचे नत्र घालून केलेले प्रयोग एकत्र मांडले, आणि चित्र तसं दिसेना. काही प्रयोगांत वेग वाढला होता, बऱ्याच ठिकाणी काहीच फरक नव्हता आणि लाकडासारख्या, लिग्निन जास्त असलेल्या पदार्थांत वेग चक्क कमी झाला होता. सतरा वर्षांनी, २००५ साली, नॉर, फ्रे आणि कर्टिस यांनी २४ अभ्यासांचं एकत्र गणित केलं. सगळे मिळून पाहिले तर नत्राचा परिणाम जवळजवळ शून्य. पण वेगळे करून पाहिले तर लिग्निन कमी असलेली पानं नत्राने लवकर कुजत होती आणि लिग्निन जास्त असलेली उशिरा. दोन उलट परिणाम एकमेकांना खोडून काढत होते, एवढाच त्या शून्याचा अर्थ.

हे का होतं ते समजायला पान कशाचं बनतं ते पाहावं लागेल. त्यात विरघळणारी साखर असते, सेल्युलोज असतं आणि या सगळ्याला बांधून ठेवणारं लिग्निन असतं. साखर आणि सेल्युलोज खाऊन ताकद मिळते, म्हणून ती खायला सगळे धावतात आणि तिथे नत्र खरोखरच कमी पडतं. लिग्निन फोडायला जेवढी ताकद लागते तेवढी त्यातून परत मिळत नाही. ते फोडायचं काम मुख्यतः काही मोजक्या बुरशी करतात. लाकडाला पांढरं, धागेदार करून सोडणाऱ्या या बुरशींपैकी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही प्रयोगशाळेत सर्वांत जास्त अभ्यासलेली. १९७८ साली अमेरिकेत तिच्यावर झालेल्या प्रयोगात असं दिसलं की ती लिग्निन फोडणारी विकरं नत्राची उपासमार झाल्यावरच सोडते. याचा अर्थ लावायचा तर बुरशी लिग्निन फोडते ती पोट भरायला कमी आणि त्यात कोंडलेलं नत्र काढायला जास्त. नत्र बाहेरून आयतं मिळालं की हे कष्टाचं काम थांबतं. सगळ्याच बुरशी अशा वागत नाहीत, हे पुढच्या कामात दिसलं आहे. त्यामुळे हे एकमेव कारण नव्हे. नत्राची काही संयुगं लिग्निनच्या तुकड्यांशी रासायनिक रीतीने जोडली जाऊन आणखी चिवट पदार्थ बनवतात, हेही एक कारण दिलं जातं. अमोनियायुक्त खताने माती आंबट होते, त्याचाही वाटा असतो.

२००० साली न्यूयॉर्कजवळच्या जंगलात मार्गारेट कॅरेरो आणि सहकाऱ्यांनी तीन झाडांच्या पानांवर नत्र शिंपडून विकरं मोजली. डॉगवुडचं पान मऊ, लिग्निन कमी. ओकचं पान चिवट. मेपल मधलं. नत्राने तिन्ही पानांवर सेल्युलोज फोडणारी विकरं वाढली, पण ओकच्या पानावर लिग्निन फोडणारी बरीच घटली. परिणामी डॉगवुड लवकर कुजलं, ओक मागे पडलं. मला हा प्रयोग या विषयातला सगळ्यात स्वच्छ वाटतो, कारण तो फक्त वेग मोजून थांबत नाही. एकाच मातीत, एकाच ऋतूत दोन पानं उलट दिशांना का गेली, हे हत्यारांसकट दाखवतो.

स्वीडनमध्ये ब्योर्न बर्ग यांनी पाइनच्या सुयांवर कित्येक वर्षं काम करून हीच गोष्ट काळाच्या अक्षावर मांडली. सुई कुजायला लागते तेव्हा नत्र, स्फुरद, गंधक जास्त असेल तर वजन भराभर घटतं. साखर आणि सेल्युलोज संपत आलं की वेग लिग्निनच्या हाती जातो आणि आता तेच नत्र अडथळा ठरतं. बर्ग यांचं यापुढचं निरीक्षण अधिक महत्त्वाचं आहे. नत्र जास्त असलेल्या सुया सुरुवातीला धावतात पण लवकर थांबतात आणि त्यांचा न कुजलेला उरलेला भाग मोठा असतो. ज्याने फक्त पहिले तीन महिने मोजले तो सांगेल नत्राने कुजणं वाढतं. ज्याने तीन वर्षं मोजली तो उलट सांगेल. दोघांचंही मोजमाप बरोबर असू शकतं.

अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८पासून काही तुकड्यांवर दरवर्षी हेक्टरी ५० आणि १५० किलो नत्र टाकलं जातंय. वीस वर्षांनंतर मोजलं तेव्हा तिथल्या मातीत कर्ब साठला होता. सेरिता फ्रे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली याचं मुख्य कारण कुजणं मंदावलं हे दिलं, आणि बुरशींचा समूहही बदललेला दाखवला. कर्ब साठला हे ऐकायला चांगलं वाटतं. पण जंगलात न कुजता साठलेला पालापाचोळा आणि शेतात मातीच्या कणांशी जुळलेला कर्ब या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यांची गल्लत केल्याने बरेच वाद निष्कारण लांबले आहेत.

लिग्निनच्या टप्प्यात आणखी एक नाव येतं ज्याकडे आपल्या पुस्तिका लक्षच देत नाहीत: मँगनीज, कृषी भाषेत मंगल. लिग्निन फोडणारं एक प्रमुख विकर मँगनीजच्या बळावर चालतं. बर्ग यांना सुयांतलं मँगनीज आणि उशिराच्या टप्प्यातला वेग यांचा संबंध दिसला. २०१५ साली ओरेगनच्या जंगलातल्या पाचोळ्यावर मार्को कैलुवाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बुरशी मँगनीजचं रूप पालटून त्याला हत्यारासारखं वापरते आणि मँगनीज उपलब्ध असेपर्यंतच ते काम चालतं. आता आपल्या काळ्या मातीचा विचार करा. चुनखडीयुक्त, सामू आठाच्या आसपास किंवा वर. अशा मातीत मँगनीज, लोह, जस्त असूनही हाती लागत नाही. पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्या अशा जमिनीत वर्षभर तशाच राहतात, याचं सगळं खापर कोरडेपणावर फोडायचं की काही हिस्सा मँगनीजचाही आहे? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे आणि ती तपासण्यासारखी नक्कीच आहे.

इथून प्रश्न नत्राच्या पलीकडे जातो. कोणतं अन्नद्रव्य कमी पडतंय हे मातीच्या वयावर आणि खडकावर ठरतं. १९७६ साली न्यूझीलंडच्या वॉकर आणि सायर्स यांनी मांडलेली कल्पना साधी आहे. नत्र हवेतून येतं, म्हणून नव्या मातीत ते नसतं आणि हळूहळू जमतं. स्फुरद खडकातून येतं, म्हणून नव्या मातीत ते असतं आणि लाखो वर्षांच्या पावसात धुपून जातं किंवा लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांत बंद होतं. पीटर व्हिटूसेक यांनी हवाई बेटांवर हे तपासलं. तिथे सगळी बेटं एकाच ज्वालामुखी खडकाची, पण वय वेगळं: एका टोकाला ३०० वर्षांची माती, दुसऱ्या टोकाला ४१ लाख वर्षांची. सगळीकडे ओहिया हे एकच झाड. तरुण मातीवर जंगलाची वाढ नत्राने अडलेली निघाली, म्हाताऱ्या मातीवर स्फुरदाने. पाचोळा कुजवून पाहिला तेव्हाही म्हाताऱ्या मातीवर स्फुरदाची उणीव दिसली.

पनामातल्या हिगांते द्वीपकल्पावर १९९८पासून चाललेल्या प्रयोगात नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगवेगळी टाकली गेली. २००८ साली मायकेल कास्पारी आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की तिथल्या पाचोळ्याचं कुजणं स्फुरदाने आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाने वाढलं. म्हणजे वर्गात शिकवतात तसं एकच अन्नद्रव्य अडसर नव्हतं. एकाच जंगलात एकाहून जास्त अडसर होते. त्याच कास्पारींनी पुढच्या वर्षी समुद्रापासून दूर, ॲमेझॉनच्या आतल्या जंगलात साधं मीठ टाकून पाहिलं आणि तिथेही कुजणं वाढलं. झाडाला सोडियम जवळपास लागत नाही, म्हणून पानात ते नसतं. पण वाळवीला आणि मुंग्यांना लागतं. मीठ टाकलेल्या ठिकाणी वाळवीची गर्दी झाली. समुद्राचे फवारे जिथवर पोहोचतात तिथे ही उणीव नसते. कोकणात सोडियम कमी पडत नसणार, पण कोकणातली वाळवी आणि भंडाऱ्यातली वाळवी यांच्या भुकेत फरक असेल का, हा प्रश्न मला फार आवडतो.

आपल्याकडे हा खडकाचा मुद्दा थेट लागू पडतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली जांभी माती ही पावसाने पार धुतलेली, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली. तिथे स्फुरद मातीच्या कणांना धरून बसतं. काजू-आंब्याचा चिवट, टॅनिनयुक्त पाला आणि स्फुरदाची वानवा, असं दुहेरी जड काम तिथल्या बुरशीला करावं लागतं. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे बऱ्याच ठिकाणी मूळ खडक तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण देशावरच्या काळ्या मातीत पाऊस कमी, धुपणं कमी, चुना शिल्लक. तिथे स्फुरद कॅल्शियमच्या पकडीत असतं. दोन्हीकडे स्फुरद कमी पडतं, कारणं निराळी. एकाच छापील मात्रेत दोन्ही जमिनी बसवणं मला पटत नाही. सुपर फॉस्फेटचा पाचटावर खरा फायदा कुठे स्फुरदामुळे होतो आणि कुठे त्यातल्या गंधकामुळे, हेही वेगळं करून पाहायला हवं.

अन्नद्रव्य मातीत असून भागत नाही, ते पाचटापर्यंत पोहोचावं लागतं. नांगरून गाडलेलं काड सगळ्या बाजूंनी मातीला लागलेलं असतं. जिवाणू तिथे थेट पोहोचतात आणि मातीतलं नत्र जोरात ओढतात. वर पसरलेलं आच्छादन मातीला फक्त खालच्या पदरात टेकतं. तिथे बुरशीचे तंतू काम करतात. खालच्या मातीतलं नत्र तंतूंतून वरच्या गव्हाच्या काडात वाहून नेलं जातं, हे फ्रे आणि सहकाऱ्यांनी खूण केलेलं नत्र वापरून दाखवलं आहे. म्हणून पसरलेल्या आच्छादनाने पीक सहसा पिवळं पडत नाही आणि गाडलेल्या काडाने पडतं. पाचट सरीत ठेवून बुडख्यांवर माती ओढताना ते किती मातीशी लागतं, हे युरियाच्या पोत्याइतकंच महत्त्वाचं आहे.

बुरशी नेहमी कुजवणाऱ्यांच्याच बाजूने असते असंही नाही. १९७१ साली न्यूझीलंडमध्ये रूथ आणि पीटर गाडगीळ यांनी पाइनच्या लागवडीत झाडांची मुळं तोडून वेगळ्या केलेल्या तुकड्यांत पाचोळा लवकर कुजतो असं दाखवलं. मुळांवर राहणारी बुरशी झाडासाठी नत्र गोळा करते आणि कुजवणाऱ्या बुरशीच्या तोंडचं अन्न नेते, असं त्यांनी मांडलं. जगभर याला गाडगीळ परिणाम म्हणतात. नंतरचे निकाल एकसारखे आले नाहीत. काही ठिकाणी परिणाम दिसला, काही ठिकाणी उलटा. तरी माती, पाचोळा आणि जिवंत झाड हे तिघे एकाच ताटातले जेवणारे आहेत हा विचार इथून आला आणि तो टिकला.

पाण्याबद्दल थोडकंच, कारण विषय अन्नद्रव्यांचा आहे. पण पाण्याशिवाय वरचं सगळं बिनकामाचं. इंग्लंडात आणि नायजेरियात एकाच प्रकारचं, कर्बाला खूण केलेलं गवत कुजवून पाहिलं तेव्हा नायजेरियात ते जवळपास चौपट वेगाने गेलं, कर्ब घटत जाण्याच्या वक्राचा आकार मात्र तोच राहिला. आपल्याकडे आठ महिने पृष्ठभाग कोरडा असतो आणि मग मृगाच्या पहिल्या सरीने मातीत एकदम धांदल उडते. कोरड्यातून ओल्यात जाताना कर्ब आणि नत्र दोन्ही उसळून सुटतात. १९५८ साली केनियात काम करणाऱ्या बर्च यांनी याचं वर्णन केलं. त्या आठवड्यात काड मातीत असेल तर हे सुटलेलं नत्र त्यात अडकतं. नसेल तर पुढच्या मोठ्या पावसात बरंचसं वाहून जातं.

आता त्या मुद्द्याकडे येतो ज्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा. पाचट लवकर नाहीसं व्हावं हे आपलं ध्येय आहे का? नांगराला, पेरणीला अडथळा नको म्हणून तसं वाटतं. पण नाहीसं झालेलं पाचट म्हणजे बहुतेक हवेत गेलेला कर्ब. जमिनीला हवा आहे तो मातीच्या कणांशी जुळून टिकणारा कर्ब. त्याचा बराच भाग मेलेल्या जिवाणू-बुरशींच्या अवशेषांचा असतो, असं आता मानलं जातं. मग अन्नद्रव्यांचं खरं काम वेग वाढवणं नसून खाल्लेल्या कर्बातला जास्त हिस्सा अंगी लावणं हे ठरतं. २००८ साली स्टेफानो मान्झोनी आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या नोंदींवरून दाखवलं की निकृष्ट, नत्र कमी असलेल्या पाचोळ्यावर जिवाणू काम थांबवत नाहीत; ते कर्ब उधळतात. जास्त कर्ब श्वासात सोडतात, कमी अंगी लावतात. पहिल्या परिच्छेदात मी तिसरा हिस्सा धरला होता. उपाशी मातीत तो त्याहून बराच खाली जातो. माझ्या हिशेबातला हा आकडा स्थिर नाही, आणि सगळी गोष्ट त्यातच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या क्लाइव्ह कर्कबी यांनी याचा व्यावहारिक अर्थ लावला. निरनिराळ्या देशांतल्या मातीतला टिकाऊ सेंद्रिय भाग त्यांनी पाहिला तर त्याची घडण जवळजवळ एकसारखी निघाली: १००० किलो कर्बामागे सुमारे ८३ किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि १४ किलो गंधक. काडात हे प्रमाण नसतं. म्हणून काडासोबत नत्र, स्फुरद आणि गंधक तिन्ही दिलं की ह्यूमस जास्त बनतं, नुसतं काड दिलं तर बहुतेक उडून जातं. प्रयोगशाळेत आणि पुढे न्यू साउथ वेल्सच्या शेतातही त्यांना हे दिसलं. याच्या विरुद्ध बाजूला इलिनॉयचे मॉरो प्लॉट्स आहेत, १८७६पासून चालू असलेले. २००७ साली खान, मुलवेनी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या नोंदींवरून म्हटलं की दशकानुदशकं रासायनिक नत्र आणि भरपूर अवशेष देऊनही मातीतला कर्ब घटलाच. त्यावर जोरदार वाद झाला, अजून मिटलेला नाही. मला दोन्ही निकालांत पूर्ण विरोध दिसत नाही. पिकाला खत देणं आणि नत्र-स्फुरद-गंधक मोजून काडाबरोबर देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पिकासाठी पेरलेलं नत्र काडाच्या वाट्याला योग्य वेळी येईलच असं नाही.

या वादाला आपल्या मातीतला एक आवाज जुळतो. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर कित्येक वर्षं सांगत आले आहेत की नांगरू नये, मागच्या पिकाची बुडखी आणि मुळं जमिनीतच कुजू द्यावीत. सहज कुजणाऱ्या पाल्यापेक्षा चिवट मुळांपासून होणारं खत जमिनीला जास्त टिकाऊ लाभ देतं. चिवट भाग जमिनीच्या आत, मातीच्या कणांना चिकटून कुजतो आणि त्याला बुरशी लागते, हे वर सांगितलेल्या शोधांशी जुळणारं आहे. पण पुढचं पाऊल मोजमापाचं आहे आणि ते एकट्या शेतकऱ्याने टाकायचं नाही.

गिरिपुष्पाबद्दल सांगायचं राहिलं. पूर्व आफ्रिकेतल्या कामावरून शेरिल पाम आणि सहकाऱ्यांनी ढोबळ नियम घालून दिला: पाल्यात नत्र अडीच टक्क्यांहून जास्त, लिग्निन पंधरा टक्क्यांहून कमी आणि पॉलिफेनॉल चार टक्क्यांहून कमी असेल तर तो थेट खत म्हणून वापरावा; नत्र कमी असेल तर खतासोबत मिसळून किंवा कंपोस्ट करून. बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला बहुधा पहिल्या गटात बसतो. पाचटात तो मिसळला तर नत्र हळूहळू, कर्बासोबत येतं, युरियासारखं एकदम नाही. जिवाणू संवर्धनापेक्षा हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण कुजवणारे जीव मातीत आधीपासून असतात. कमी पडतं ते त्यांचं अन्न.

हे सगळं तपासायचं साधन स्वस्त आहे. १९५७ साली इंग्लंडच्या बोकॉक आणि गिल्बर्ट यांनी नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत पानं भरून ठेवायची रीत सुरू केली. आजही तीच चालते. २०१३पासून तर जगभरचे विद्यार्थी ग्रीन टी आणि रुइबॉसच्या बाजारातल्या टी-बॅग ९० दिवस जमिनीत पुरून काढतात आणि वजन करतात: एक लवकर कुजणारा, दुसरा चिवट. या रीतींचा दोष एवढाच की ९० दिवसांत पहिलाच टप्पा दिसतो, आणि बारीक जाळीतून वाळवी-गांडूळ आत जात नाही. म्हणून पाडेगाव, मांजरी, राहुरी, दापोली, अकोला इथल्या कृषी संशोधन केंद्रांनी मिळून पाचट, पऱ्हाटी आणि काजूचा पाला काळ्या आणि जांभ्या अशा दोन्ही मातींत पुरावा. काही पिशव्यांना नत्र, काहींना स्फुरद, काहींना गंधक, काहींना मँगनीज, काहींना सगळं. जाळी बारीक आणि जाड अशी दोन्ही. आणि पिशव्या तीन महिन्यांनी नव्हे, किमान तीन पावसाळे उलटेपर्यंत काढत राहाव्यात. उरलेल्या पाचटाबरोबर पिशवीखालच्या मातीतला कर्बही मोजावा. पाचटावर किती युरिया टाकायचा, याचं उत्तर मग जमिनीगणिक देता येईल.